अळ्यांसाठी सोडलेला मका

प्रिय आर्लन,

काल तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि तोंडातून खरं एक अक्षर काढलं नाही. तू म्हणत होतास, "माझंच काहीतरी चुकलं, मार्डेल. चाळीस वर्षं शेती करून मला धड पेरता येत नाही. शुक्रवारी जमीन तुला कसायला द्यायचे कागद करून मोकळा होतो." मी आपली कॉफी ढवळत बसले. तुझी मोठी बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटते मला.

मातीतल्या जंतूचं प्रथिन ज्याच्या अंगातच असतं, तो मका आपण दोघांनी एकदमच आणला. मूळ कुरतडलं की अळी खलास. बियाणेवाल्याने तेव्हाच बजावलं होतं, शेजारी एक पट्टा साध्या मक्याचा ठेवा. तिथल्या अळ्या जगू द्या, त्यांचे भुंगे प्रथिनाला पुरून उरलेल्या भुंग्यांत मिसळले तरच प्रथिन पचवणारी जात माजणार नाही. तू तो पट्टा दरवर्षी ठेवलास. कॅफेत डेलबर्ट तुला छेडायचा, "काय आर्लन, यंदा अळ्यांचं अन्नछत्र किती एकरांचं?" तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे.

मी तो पट्टा सात वर्षं ठेवलाच नाही. पहिल्या वर्षी खरंच आभाळ भरून आलं होतं, आणि पेरणीयंत्रातलं बी काढून दुसरं भरण्यात अर्धा दिवस गेला असता. दुसऱ्या वर्षी आभाळ स्वच्छ होतं, पण मला चटक लागली होती. बियाणेवाल्याच्या कागदावर मात्र दरवर्षी 'पट्टा ठेवला' म्हणून सही ठोकली. यंदा माझा मका आडवा झाला तेव्हा मी वाऱ्यावर ढकललं. मग कुंपणापलीकडे तुझाही झाला. पीक तपासायला आलेल्या विद्यापीठातल्या त्या मुलीने मुळं धुऊन दाखवली, बोटभरही उरली नव्हती. तिने विचारलं, पट्टा दोघांनी ठेवला होता ना? तू हो म्हणालास, मग मीही म्हणाले. माझ्या शेतात माजलेले भुंगे तुझ्याकडे उडून आले, आर्लन. तुझं काहीही चुकलेलं नाही.

आज सकाळी त्या मुलीला फोन करून मी सगळं सांगितलं. तुला तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून हे पत्र. शुक्रवारी वकिलाकडे जाऊ नकोस. तुझे ते ऐंशी एकर मी कसायला घेणार नाही. काल मला दारापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, "तुझ्या हाती जमीन दिली की मला घोर नाही, तू कधी नियम चुकवत नाहीस." आणि मी मान डोलावली.

तुझीच,
मार्डेल