पुढचा कप्पा

इवागी बेट, १३ मे २००८

ती. फुमिएताईस,
सादाओचा सा. न. वि. वि.

लिंबांना फुलं आली आहेत. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यांची होडी अखेर दुरुस्तीला काढली. फळ्या धडधाकट आहेत. पण होडी तरंगावी म्हणून बाबांनी कप्प्यांत मासळीच्या पेट्यांचं थर्माकोल कोंबलं होतं, पेट्रोल झिरपून त्याचा चिकट लगदा झालाय. त्यांची काटकसर तू जाणतेसच. दुकानदार म्हणतो, ओतायचा फोम घ्या; दोन द्रव मिसळले की फुगून कानाकोपरा भरतो. ठोकळ्यांचाही फोम मिळतो, पण कापत कोण बसणार? पुढचा कप्पा खिळे ठोकून बंद आहे. त्याला भोक पाडून रविवारी तिथेही ओततो.

गुडघ्यांना जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
सादाओ

कोबे, १६ मे

चि. सादाओ यास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला रडू आवरणार नाही, म्हणून जलद टपालाने लिहिते. पुढच्या कप्प्यात फोम ओतू नकोस. तिथे आपल्या आईचे केस आहेत.

होडी नवी बांधली तेव्हा सुताराने रिवाजाप्रमाणे होडीच्या देवीसाठी घरच्या बाईचे केस मागितले. आईने माझ्यासमोर बट कापून दिली आणि हसत म्हणाली, की आता तुझ्या बाबांना बुडू न देणं माझ्याकडे लागलं. कुणाला सांगायचं नाही, असं सुताराने मला बजावलं. त्याच हिवाळ्यात ती गेली. तू दीड वर्षाचा होतास. पुढे वादळात तिचे फोटोही गेले. आई कशी होती असं तू विचारायचास, तेव्हा मी तुझ्या हातावर खडीसाखर ठेवायचे. पन्नास वर्षं गप्प राहिले, याची आज लाज वाटते.

ओतलेला फोम पुन्हा निघत नाही. आळस सोड आणि ठोकळे काप, मेल्या.

तुझी
ताई

इवागी, २५ मे

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. तसाच दुकानात जाऊन डबे परत केले. दुकानदार फुगला, फुगू दे.

खिळे उपटले. मेणकागदाची पुडी निघाली. बट काळीभोर आहे, एकही पांढरा केस नाही. आणि तिचा धाकटा मुलगा मात्र पार पिकलाय. बराच वेळ ती हातात धरून बसलो. ताई, मला आठवेल असा आईचा हा पहिलाच स्पर्श.

पुडी जागेवर ठेवून भोवती ठोकळे बसवले. एक तिरका कापला गेला, हसू नकोस. झाकणाला आता खिळे नाहीत, स्क्रू आहेत, आणि पेचकस शेजारीच टांगलाय. तू ये, म्हणजे उघडू.

वाट पाहणारा
सादाओ