म्हाताऱ्याचा थेंब कोणता?

तर मास्तर, तो थेंब माझाच होता हे मला अजून पटत नाही. अकोल्याच्या शाळेत, सायन्सच्या तासाला, तुम्ही आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचलीत, मग माझ्या. दोन काचा मायक्रोस्कोपखाली सरकवल्या आणि म्हणालात, "सांग, म्हाताऱ्याचं रक्त कोनतं?" मी डोळा लावून बघतो आणि मोठ्या ऐटीत डावीकडची काच दाखवतो. तुमच्या मिशा हलायला लागतात. "अबे, थे तं तुयं हाय! तूच म्हातारा निघाला की!" सगळा वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातली अर्धी भाकर मला दिलीत. "मले बी ओळखू आलं नसतं. मोठा झाला की शोधून काढ." त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. शोधून काढलं तर सांगायचं कोणाला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याकडे तसाच पडून आहे.

आता मी अमरावतीला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. महायुद्धापायी रक्त साठवायची विद्या आपल्याकडेही आली. सायट्रेट घातलं की ते गोठत नाही, बर्फाच्या पेटीत काही दिवस टिकतं. पण बाटलीत ते म्हातारं होतं, मास्तर! पेशी खाली बसतात, वर पिवळं पाणी राहतं, आणि पेशी फुटायला लागल्या की ते पाणी गुलाबी होत जातं. मला वाटलं, म्हाताऱ्यांचं आधी गुलाबी होईल. म्हणून तिवसा, भातकुली, चांदूर रेल्वे फिरून मी धडधाकट म्हातारे शोधले. (ठणठणीत आहात म्हटलं की घरातल्या बाया मीठ घेऊन नजर काढायला धावतात, ते वेगळंच.) त्यांच्या छोट्या बाटल्यांशेजारी तरुण पोरांच्या ठेवल्या. रोज सकाळी पेटी उघडतो, आणि म्हाताऱ्यांच्या बाटल्या पोरांच्या बरोबरीनं टिकलेल्या असतात! अंगात रक्त सारखं नवं होत असतं ना. ऐंशीच्या माणसाच्या अंगातही काही महिन्यांपूर्वीचंच रक्त. मला तर नाचावंसं वाटलं.

मागच्या आठवड्यात भातकुलीचा एक पिंजारी लेकीला घेऊन आला. बाळंतपणात रक्त इतकं गेलेलं की अंगात उरलंच नव्हतं. साठवलेली मोठी बाटली एकही शिल्लक नाही. नवऱ्याचा गट जुळेना, बापाचा जुळला. पण बाप सत्तरीच्या पलीकडचा. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "बाबा, या वयात तुमचं रक्त काय कामाचं?"

"काहून? दिवसभर धुनकी चालवतो ना साहेब मी. कापूस तं नाही म्हनत, बुढ्याच्या हातचा हाय म्हनून!"

डॉक्टर वळले, दुसरं कोणी शोधा म्हणाले. पोरीचे ओठ पांढरे होत चाललेले. डॉक्टरांपुढे मी कधी तोंड उघडत नाही, पण मला तुमच्या मिशा आठवल्या. धावत जाऊन पेटीतल्या बाटल्या आणल्या, लेबलं हातानं झाकली. "सर, यातली म्हाताऱ्याची कोणती ते तुम्ही सांगा."

त्यांनी सगळ्यात गुलाबी बाटलीवर बोट ठेवलं. मी हात काढला. लेबलावर लिहिलेलं, 'तरुण'.

ते हसले नाहीत. पिंजाऱ्याची नाडी पाहिली, छाती तपासली. "अर्धी बाटली. त्याच्यावर थेंबभर नाही."

दुसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली, ओठांवर रंग. म्हातारा शेजारी दूध पीत होता. "आता मायं रक्त गेलं तिच्यात, मायावानीच भांडकुदळ होईन."

"पह्यलेपासून हावो ना, अब्बा," ती म्हणाली.

आता मोठे डॉक्टर म्हणतात, धडधाकट म्हाताऱ्यांचा अभ्यास पुढे चालू दे, नवी पेटी मागवू. हे मी पेटीच्या झाकणावर कागद ठेवूनच लिहितोय, म्हणून खालून ओला झालाय. पाठवायचा तर नाहीच आहे. एकच गोष्ट अजून कोणाला सांगितली नाही: ती गुलाबी बाटली माझी होती. सांगितलं तर डॉक्टरही तुमच्यासारखंच म्हणतील. सांगून टाकू काय, मास्तर? तुमाले काय वाटते?