स्टुलावर चढून घातलेला हार

मुंबई, ४ ऑगस्ट

ती. आबांना मेघाचा सा. न. वि. वि.

इथे गाण्याच्या स्पर्धेत सगळ्यांचे मोबाइल काढून घेतलेत, म्हणून पत्र. मी पहिल्या आठात आले! पण काल आपल्या घराचं चित्रण दाखवलं आणि बघते तर काय, तुमच्या फोटोला चंदनाचा हार! परीक्षकबाई ढसाढसा रडल्या, म्हणाल्या, वडील वरून बघत असतील. घाबरून मी मान डोलावली. आबा, हे कोणाचं डोकं? लवकर उत्तर पाठवा, मला गाणं सुचेनासं झालंय.

धास्तावलेली लेक,
मेघा

सोनगीर, ९ ऑगस्ट

चि. मेघास अ. उ. आ.

डोकं कॅमेरावाल्यांचं, हात माझे. त्यांना दुःखी घर हवं होतं आणि आपल्याकडे सगळे धडधाकट. तुला मतं मिळतील म्हणून मीच स्टुलावर चढून हार घातला, वर त्यांना शेवभाजी वाढली.

तुझी शेवंतामावशी दोंडाईच्याहून आली ती स्टँडपासून रडतच. दार मी उघडलं. बाई जागीच बसली. भटूमामाने तुझ्या भावासाठी, किरणसाठी, बाप गेल्यावर मुलाला घालतात ती दुखवट्याची टोपी आणली, ती आता मीच घालून हिंडतो.

इथवर हसलो. पण बाजारात बायका तुझ्या आईच्या कुंकवाकडे बघून कुजबुजल्या. त्यात कार्यक्रमवाल्यांचा फोन आला, १८ तारखेला स्टेजवर येताना कुंकू पुसून या म्हणून. मना धनी जित्ता शे, असं बजावून तिने फोन आपटला. तेव्हापासून धड जेवली नाही. मला फार लागलं गं. तू म्हणशील तर मी स्पर्धा संपेपर्यंत घरात लपून बसतो. पण तिच्या कुंकवाचं काय करायचं, ते तू सांग.

तुझा,
आबा

मुंबई, १९ ऑगस्ट

ती. आबा,

काल थेट प्रक्षेपण होतं, त्यामुळे त्यांना काही कापता आलं नाही. माइकवर सांगून टाकलं की आबा ठणठणीत आहेत, आई कुंकू लावते आणि हे नाटक मला नको. परीक्षकबाई पुन्हा रडल्या, या वेळी कशाला ते देव जाणे. मला काढलं. सह्या-बिह्या उरकून, मोबाइल परत मिळाला की महिनाअखेरीस घरी येते. रागावला नाहीत ना?

तुमचीच,
मेघा

सोनगीर, २३ ऑगस्ट

चि. मेघास आशीर्वाद.

रागावतो कसला? टीव्हीवर तू बोललीस आणि इथे तुझी आई उठून पोटभर जेवायला बसली. मग मी हार काढायला स्टुलावर चढलो. तिने स्टूल घट्ट धरलं. म्हणाली, आता पडलात तर ते लोक खरे ठरतील.

मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. वाढलेलं सगळं तुझं गाणं ऐकण्यात घालवीन म्हणतो. ये लवकर.

खालूनच तुझ्याकडे बघणारा,
आबा