पुढून उघडणारं जाकीट

राजपुरा, बुऱ्हाणपूर
पौष वद्य पंचमी, सन १९३४

प्रिय अनंता,

अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नकोस. कमलच्या लग्नात, भर मांडवात मी तुला जे बोललो त्याला अकरा वर्षं झाली, आणि तुला लिहायला मला तोंड नाही हेही जाणतो. पण तुझी गोदाअक्का फार आजारी आहे. वाचायची नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी तुला कळवतो आहे हे तिला ठाऊक नाही. कार्ड स्वस्त पडलं असतं, पण कार्ड पोस्टमन वाचतो, वाटेत आणखी चार जण वाचतात, म्हणून पाकीट घेतलं. तूही कोणाकडून वाचून घेऊ नकोस. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तिच्या डाव्या छातीत गाठ आहे. दोन वर्षं तिने ती पदराखाली झाकली, मलासुद्धा सांगितलं नाही. दिवाळीनंतर ती फुटली तेव्हा कळलं. आता चाकू लावून उपयोग नाही म्हणतात. हात वर जात नाही. चोळी दंडाला काचते, आणि पुढे बांधायची वेळ आली की ती ओठ चावून भिंतीकडे बघते. म्हणून तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं की चोळी सोडा, सैल जाकीट शिवून घ्या, पुढून उघडणारं, रुंद बाह्यांचं, बटणं नकोत, बंद लावा. वर्तमानपत्राचा कागद कापून केलेला नमुनाही दिला. कापड अंथरायचं, वर कागद ठेवायचा आणि कडेकडेने कापत जायचं.

शिंप्याचं नाव काढलं की ती नको म्हणे. शिंपी माप घेणार, मग कुठल्या बाजूला सैल हवं ते विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या राजपुऱ्याला कळणार. आमची कमल सासरी बाळंतीण, तिला बोलावता येत नाही. तेव्हा मीच बसलो. जन्मभर कापसाच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठींवर शाईने नंबर घातले, सुई कधी हातात धरली नव्हती. शेजारच्या रंभाबाई मीठ मागायला आल्या, त्यांनी मला ओसरीवर दोरा ओवताना पाहिलं आणि म्हणाल्या, भाऊ, येत्या श्रावणात मंगळागौर पुजायला बसणार वाटतं. गोदा आतून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली म्हणून मी तिथेच बसून दोरा ओवत राहिलो.

पाठीच्या कागदाच्या कडेला ‘घडीवर’ असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, कापून झालं की घडी घालून ठेवायचं. खरं तर कापड दुहेरी करून कागदाची ती कड घडीवर ठेवायची होती, हे नंतर समजलं. तोवर पाठीचे दोन तुकडे झाले होते. ते मधोमध जोडले तर शिवण नेमकी मणक्यावर आली. ती सारखी पडून असते, टोचायला लागलं. उसवून पुन्हा शिवली, ती बाहेरच्या अंगाला. बाह्या उलट लागल्या होत्या, त्याही काढून लावल्या. आठ दिवस गेले. बघणाऱ्याला उलटं घातल्यासारखं दिसतं, पण तिला कुठे काचत नाही. हात अलगद आत जातो. आता दुपारी तासभर तिचा डोळा लागतो.

इथवर लिहून मी उठून गेलो होतो. पुढचं लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

कापड मी तिच्या पेटीतून घेतलं. ती ग्लानीत होती, उठवावंसं वाटलं नाही. नर्सबाईंनी धुऊन मऊ झालेलं सुती सांगितलं होतं. माझी नजर अधू, हातानेच चाचपत गेलो, तर तळाशी एक लुगडं लागलं, विटक्या हिरव्या रंगाचं, इतकं मऊ की दुसरं काही पाहिलंच नाही. मधूनच अडीच वार कापलं. अनंता, ते तुझं लुगडं होतं. मामाचा आहेर म्हणून तू बहिणीला आणलेलं, आणि मी सगळ्यांसमोर उलगडून म्हणालो होतो की असल्या कापडात आमच्या प्रेसमध्ये गाठी बांधतात. मंडळी हसली, मला मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं. तू जेवत्या पानावरून उठलास तो पुन्हा आमच्या दारात आला नाहीस. रावेर इथून गाडीने किती लांब? तरी साऱ्या लेकी आखाजीला माहेरी जात तेव्हा ती इथेच, अशा अकरा आखाज्या तिने माहेरावाचून काढल्या. मीही तिला कधी जा म्हणालो नाही. ते नवं होतं तेव्हा खरंच जाडंभरडं होतं. मऊ झालं, कारण दर आखाजीला ती ते पाण्यातून काढी, सावलीत वाळवी आणि पुन्हा तळाशी ठेवून देई. नेसली एकदाही नाही. मी घरातच होतो, मला दिसलं नाही.

जाकीट अंगात घातल्यावर तिने बाहीवर हात फिरवला आणि लगेच ओळखलं. रागावली नाही, हेच वाईट. एवढंच म्हणाली, “ते मी जायच्या दिवसासाठी ठेवलं होतं. अनंता यायचा नाही. मग माहेरचं अंगावर काही नको का?” उरलेलं तिने उशाशी मागून घेतलं.

सवाष्णीला माहेरचं लुगडं नेसवून पोचवतात, ही रीत तुला सांगायला नको. आणि कापलेलं कोणी नेसवत नाही. म्हणून हे पत्र. तू एक लुगडं घेऊन ये. हिरवं असावं, बाकी तुला जमेल तसं. माझ्यावरचा राग सोड म्हणत नाही. तू येशील त्या दिवशी मी नदी उतरून जैनाबादला जाऊन बसेन, तू जाईपर्यंत परतणार नाही. फक्त एक कर, ती गेल्याची तार आल्यावर निघू नकोस. डॉक्टरीणबाई संक्रांतीच्या पुढचं काही बोलत नाहीत. तिला डोळ्यांनी दिसतंय तोवर ये आणि ते तिच्या हातात दे. नेसवायला मग बायका आहेत.

तुझाच,
कडूदाजी