हाडावर कोरलेले प्रश्न

न्यूनेन, नेदरलँड्स
३ फेब्रुवारी २०२२

मंजूताई,

नमस्कार. आम्ही तिघंही ठीक. शिरीषला डिसेंबरात कोरोना होऊन गेला, वास अजून पूर्ण परत आलेला नाही, त्यामुळे माझी आमटी करपली तरी मुकाट्याने जेवतो. सानिका आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. मी मराठीत ओरडते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि दोघींचंही समाधान होतं. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं तुळशीभोवतीचं बांधकाम झालं का? फोनवर तू 'ठीक आहे' यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि मी तरी कुठे बोलते.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. शिरीषच्या ऑफिसातला प्रतीक शनिवारी पुण्याला निघतोय. तो तिथून कुरियर करील. शिमग्याआधीच्या देवस्थानच्या बैठकीपर्यंत हे तुला मिळायला हवं. का ते पुढे लिहिते. आधी मला थोडं इकडचं तिकडचं लिहू दे. तुला माहीतच आहे, मी पायरीवर चप्पल काढायलाही वेळ घेते.

आमच्या शेजारच्या लियूबाई तुला आठवतात? मी मागे त्यांचा फोटो पाठवला होता, लांब कोबीच्या वाफ्याशेजारचा. आइंडहोव्हनमध्ये त्यांचं तीस वर्षं चायनीज रेस्टॉरंट होतं. त्यांचे यजमान ब्रशने अक्षरं फार सुंदर लिहायचे. दर नव्या वर्षाला लाल कागदावर चार ओळी लिहून दाराला लावायचे. २०२० च्या मार्चमध्ये आमच्या ब्राबंट प्रांतात पहिल्यांदा साथ आली, त्यात त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. लियूबाईंना आत सोडलं नाही.

मला काहीतरी करावंसं वाटलं. डबा देणं तेव्हा लोकांना धोक्याचं वाटायचं. म्हणून मी एक कार्ड केलं. त्यांच्या दारावरच्या पाटीवरून यजमानांच्या नावाची तीन अक्षरं बघून बघून उतरवली, अर्धा दिवस लागला. आणि शुभ म्हणून लाल शाईने लिहिली. लग्नपत्रिकेवर देवाचं नाव लाल, पहिलं निमंत्रण कुंकू लावून. दुसरा रंग माझ्या डोक्यात आलाच नाही. कार्ड त्यांच्या पत्रपेटीत टाकलं. चौथ्या दिवशी ते गेले.

कार्डाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. उलट पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे बाबा गेले त्या वर्षी, त्यांनीच मला कुंपणापलीकडून विचारलं, अक्षरं शिकायची का. मी तेव्हा दिवसभर बागेत नुसती बसून असायची. काम चाललं होतं, ब्रेडा शहरातल्या कंपनीचं, कुठला कंटेनर कुठे अडकला ते तक्त्यात भरायचं. ते मी हातातला मोबाइल उगाच चाळावा तसं भरायची. बाबा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा माझी मीटिंग चालू होती. मी फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये परत गेले. दोन कंटेनरांबद्दल बोललेसुद्धा. हे मी शिरीषलाही सांगितलेलं नाही. मला रडू आलं नाही, ताई. अजून आलेलं नाही. दात काढल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं.

तर अक्षरं. लियूबाईंकडे यजमानांचं एक जाड पुस्तक आहे, त्यात जुन्या हाडांचे फोटो. चिनी लिपीतली सगळ्यांत जुनी अक्षरं म्हणे कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर सापडली. तीन हजार वर्षांपूर्वी राजाला काही विचारायचं असलं की हाडाला मागून खाच पाडायची, तिथे निखारा टेकवायचा. हाड तडकायचं. तडा कसा गेला त्यावरून होय की नाही ठरायचं. मग प्रश्न त्या तड्याशेजारी कोरून ठेवायचा. त्यांच्या लिपीत 'शकुन विचारणे' याचं अक्षर म्हणजे एक उभी रेघ आणि तिला फुटलेली छोटी आडवी रेघ. तो तडाच आहे.

आणि प्रश्न काय, तर आपलेच. पाऊस येईल का. राजाचा दात दुखतो, पूर्वजांपैकी कोण रागावलं आहे का. राणी सुखरूप बाळंत होईल का. बरेचदा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचे: आजार उतरेल, आजार उतरणार नाही. लियूबाई म्हणाल्या, असं दोन्हीकडून विचारलं म्हणजे आपल्याला काय ऐकायचं आहे ते उत्तर देणाऱ्याला कळत नाही.

मी त्यांना आपल्या रवळनाथाच्या कौलाबद्दल सांगितलं. माझ्या मोडक्या डचमध्ये आणि त्यांच्या मोडक्या डचमध्ये. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की नंतर काय झालं ते तुम्ही कुठे लिहून ठेवता का. कारण हाडांवर कधीकधी तेही असतं. प्रश्न, राजाने लावलेला अर्थ, आणि खरोखर काय घडलं. पण पुष्कळ हाडांवर तो शेवटचा भाग नाही. मी म्हटलं, आमच्याकडे लिहीत नाहीत.

शेकडो वर्षं शेतकऱ्यांना ती हाडं नांगराला लागायची आणि ते ती औषधवाल्यांना विकायचे, ड्रॅगनची हाडं म्हणून. लोक उगाळून प्यायचे. कुणाच्या तरी आजाराचा प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी ताप उतरायला प्यायला. लियूबाई हे सांगताना हसल्या. मीही हसले, त्या उन्हाळ्यातलं तेवढंच.

परवा त्यांचं नवं वर्ष झालं. मी शिरा घेऊन गेले. त्यांनी मला बागेतच थांबवलं आणि अवजारांच्या खोपटातून एक पाकीट आणलं. माझं कार्ड. दोन वर्षं त्या खोपटात होतं. घरात घेववत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. लिहिलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही, मान राखून जाळायचा, असं त्यांच्या घरात मानतात; आपण पाय लागला तर कागदाला नमस्कार करतो, त्यातलंच. आणि यजमानांचं नाव असलेला कागद त्यांना जाळायचाही नव्हता. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्यात जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहीत नाहीत. पूर्वी मरणाची शिक्षा झालेल्यांची नावं लालने लिहायचे म्हणे.

मी तशीच उभी राहिले, शिऱ्याची वाटी धरून.

"तुला माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. आमच्यात लाल शुभ असतं, म्हणून.

"बरं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच विचारायचं होतं."

त्यांनी वाटी घेतली, कार्ड घेतलं आणि आत गेल्या. खिडकीतून दिसलं, त्यांनी ते यजमानांच्या फोटोशेजारी उभं केलं. दोन वर्षं ती बाई माझ्याशी कोबीबद्दल बोलत होती आणि मनात हा एकच प्रश्न होता. मी घरी आले, कुकर लावला आणि तेव्हा ठरवलं की तुला लिहायचं. लियूबाईंना निदान विचारायचं कुणाला ते माहीत होतं. तुला तेही माहीत नाही.

आता लिहिते, ताई. मध्ये थांबले तर परत लिहून होणार नाही.

मागच्या वर्षी एप्रिलअखेर बाबांचा ऑक्सिजन शहाऐंशीवर आला. डॉक्टर म्हणाले हलवा. बाबा ऐकेनात. तू रडून सांगितलंस, भावजींनी सांगितलं, मी फोनवर ओरडले. शेवटी ते म्हणाले, देवाला विचारा, उजवा कौल दिला तर जातो. कोरोनामुळे आपल्या वाडीचा रस्ता बांबू लावून बंद केलेला, तुला बाहेर पडता येईना. देऊळ बंद, आत फक्त पूजेपुरते विश्वासकाका गुरव. बाबा म्हणाले, धाकटीला फोनवर बघू दे. म्हणून काकांनी मला व्हिडिओ लावला आणि समईच्या कट्ट्यावर फोन उभा केला.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं. बाबांचं नाव घेतलं, तुझं घेतलं, माझं घेतलं, मी साता समुद्रापलीकडे आहे तेही देवाला सांगितलं. पाकळ्या लावल्या. आम्ही दोघं पाकळ्यांकडे बघत होतो. मग एक पडली.

"डावो पडलो गो, शामला," काका म्हणाले. "देव नाय म्हणता."

मी म्हटलं, पुन्हा लावा.

"एकदा दिलेलो कौल परत मागूचो नसता, बाय."

मी म्हटलं बरं, घरी मी सांगते, तुम्ही दमलात. त्यांना तेव्हाच खोकला होता, पुढचे पंधरा दिवस ते स्वतः पडून होते. मी फोन बंद केला, तुला लावला आणि सांगितलं, उजवा.

ताई, कौल डावा होता. मी उजवा सांगितला.

माझा देवावर विश्वास नाही असं नाही. पण त्या दिवशी माझा शहाऐंशीवर विश्वास होता. वाटलं, ऑक्सिजन मिळेल, आठवड्यात घरी येतील, मग मीच हसत सांगीन की तुम्हाला फसवलं, आणि बाबा चार दिवस माझ्याशी अबोला धरतील. एवढाच हिशेब होता. तूच सांगितलंस की बाबांनी स्वतः धोतर सारखं केलं, देवळाच्या दिशेने हात जोडले आणि कुणाचा हात न धरता अँब्युलन्समध्ये चढले. तू अभिमानाने सांगत होतीस. मी ऐकत होते.

अजून एक आहे. हे सगळ्यांत शेवटी लिहायचं म्हणून इतकी पानं खर्ची घातली. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला फोन केला होता. तुझा लागत नव्हता म्हणून मला. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "शामू, कौल तू स्वतः बघितलास ना? उजवाच ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. उजवा."

"मग झालं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज कुणीच ऐकला नाही. दोन दिवसांनी तुला पिशवीत बांधलेले बाबा लांबून दाखवले.

ते घरी राहिले असते तर वाचले असते का, मला ठाऊक नाही. मी इथल्या आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या बहुधा नाही. पण ते तुझ्या मांडीवर गेले असते, हे मला कळतं. तू त्यांना दाराबाहेर पाठवलंस असं तू स्वतःला लावून घेतलं आहेस. तू पाठवलं नाहीस. मी पाठवलं.

तू रवळनाथाची तसबीर उतरवून माळ्यावर टाकलीस हे भावजींकडून कळलं, तरी मी गप्प. मग गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर तुझा अर्ज वाचला: विश्वास गुरवाने उजवी पाकळी मुद्दाम सैल लावून खोटा कौल दिला, त्याची पूजा काढून घ्यावी, खाली बावीस सह्या. मी काकांना फोन केला. मला वाटलं ते शिव्या देतील. मी म्हटलं, तुम्ही खरं का सांगत नाही.

ते म्हणाले, "तुजा नाव माज्या तोंडात येवचा नाय. बापाशीच्या मागे दोन भैणी उरल्यात, त्येंका मी तोडू?"

त्यांच्या घरात पाच पिढ्या ती पूजा आहे. बैठकीत ते मान खाली घालून बसतील आणि तू बोलशील, आणि तू बोललीस की पुढे कुणाची टाप नसते, हे मी लहानपणापासून बघते आहे. म्हणून हे पत्र. भावजींना एकट्याने वाचायला देऊ नकोस, ते मला वाचवायला फाडून टाकतील. बैठकीत उभी राहा आणि 'आता लिहिते, ताई' इथपासून सगळ्यांसमोर वाच. बावीस जणांनी सह्या केल्या आहेत, त्या बावीस जणांनी ऐकलं पाहिजे. मग काकांच्या पाया पड. माझ्या वाटणीचंही पड, मला इथून जमत नाही.

माझं काय ते तू ठरव. मे महिन्यात तिकिटं बघतो आहोत. वर्षश्राद्धाला मी घरात यायचं की नाही, हे तू कळव. नको म्हणालीस तर नको. त्यावर मी पुन्हा विचारणार नाही.

'तुझी' असं लिहावंसं वाटतं, पण तो शब्द आता तू द्यायचा. बैठकीला लागेल म्हणून सही पूर्ण नावाने करते.

शामला शिरीष खानोलकर
माहेरची शामला दत्ताराम सामंत
कौल मी स्वतः पाहिला. डावा होता.