लावणीला बाया कुठल्या?

दि. १४ जुलै २०२४, रविवार, सकाळी सव्वासात. बांधावर बसून पायाचा चिखल खरवडत होतो, ते अर्धवट ठेवून लिहीत आहे.

ती. गौरीशंकर मामांस सोमेशचा शरणु शरणार्थी. गुडघा कसा आहे? आडतीच्या गादीवर मांडी घालून बसू नका. (मामींचं तुम्ही ऐकत नाही, म्हणून मी लिहितो.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे काहीच ठीक नाही.

तळ्याच्या पाझरानं गावाखालची रानं चिबडली, सोयाबीन कुजायला लागलं, म्हणून गाव भात लावायला लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मावळातून आलेल्या कृषी सहायकानं चिखलात रोपं कशी लावायची ते शिकवलं आणि त्याला 'लावणी' म्हणतात हेही. आमच्याकडं पहिलीतलं पोरही आता ते जाणतं. बाकीचा जिल्हा मात्र सोयाबीनच्या पुढं सरकलेला नाही. मी गावाच्या ग्रुपवर एवढंच टाकलं : 'शुक्रवारी सकाळी आमच्या रानात लावणी आहे. सर्वांनी यावे. चहा-नाश्ता मिळेल.' एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही, पाहून घ्या. (तो मेसेज जिल्हाभर आमच्या शेजारच्या दगडोबानं फिरवला असणार, त्याला दुसरा धंदा नाही.)

गुरुवारी महेश्वरीच्या वडिलांचा, शिवपुत्रआप्पांचा फोन. "लावणी हाय म्हणं तुमच्याकडं?" व्हय, म्हटलं. "बाया कुठल्या?" गावातल्याच, म्हटलं, आणि सगळ्यांच्या पुढं आमची आई असते. "खुद्द आई?" आप्पांनी दोनदा विचारलं. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल. म्हणून हेही सांगितलं की कमरेत नीट वाकता आलं पाहिजे, लग्न झालं की आई महेश्वरीलाही शिकवणार आहे. संध्याकाळी निरोप आला : असल्या घरात लेक देत नाही. ठरलेलं लग्न मोडलं, मामा, एका शब्दापायी, आणि तोही शुद्ध लिहिलेल्या.

शुक्रवारी दोन जीप भरून रसिक आले. डोक्याला पटके, अंगाला अत्तर, अत्तरावर चिलटं. त्यांतला एक पिकल्या मिशांचा माणूस घोटाभर चिखलात उभा राहून आईला विचारतो, "ढोलकीवाला आला न्हाय का अजून?" आई म्हणाली, "न्हाय आला. तवर ही रोपाची जुडी धरा." धरली त्यानं. तासाभरानं त्याला कळलं की कार्यक्रम तोच करतोय. अशा लोकांच्या जिल्ह्यात आपण राहतो.

मामींना नमस्कार, आणि गादीवर मांडी नको, हे पुन्हा एकदा.

ता. क. उद्या आप्पांच्या घरी जाऊन या. कळंबातल्या कळंबात आहे, गुडघ्याला जड जाणार नाही. लावणी म्हणजे रोपं लावणं, एवढं सांगा. मला दुसरी मुलगी पाहायची नाही.

ता. क. २. दुसऱ्या जीपमधून तोंडाला उपरणं गुंडाळून आप्पाच उतरले होते. आईनं ओळख दाखवली नाही, जुडी दिली. त्यांनी दोन ओळी लावल्या आणि चहा न घेता गेले. आता नकार मागं घ्यायचा तर लावणी बघायला आलो होतो हे कबूल करावं लागेल, म्हणून अडून बसलेत. तेव्हा तुम्ही अगदी पहिल्यापासून समजावून सांगा; ते नव्यानंच ऐकल्यासारखं करतील. हसू नका. त्या दोन ओळी आम्हाला काल उपटून पुन्हा लावाव्या लागल्या, हे तर मुळीच बोलू नका.