शेवटच्या पंगतीची सुई

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

आजपासून पुन्हा रोजनिशी. या वेळी सुटणार नाही.

सेवा मंडळाची बैठक झाली. मुलुंडसारख्या ठिकाणी मंडळाच्या दोन अ‍ॅम्ब्युलन्स रात्रंदिवस फिरतात, आणि त्यांचा मानद कार्यवाह म्हणजे मी, निवृत्त मराठी शिक्षक. डॉ. देवव्रत (माझा जुना विद्यार्थी, अक्षर तेव्हापासूनच वाईट) म्हणाला, गाडीवरची माणसं दिवसभर खोकणाऱ्या पेशंटबरोबर बंद डब्यात बसतात, तरी गेल्या वर्षी फ्लूची लस घेतली एकट्या नर्स मालनने. यंदा लस फुकट मिळते आहे, दसऱ्याला शिबिर घेऊ, पण यांना तयार कोण करणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला होता म्हणूनही असेल.

देवव्रत म्हणाला, सर, सगळ्यांसमोर पहिली तुम्ही घ्या, मग ते घेतील. मी म्हणालो, अरे, पंगतीत वाढणारा शेवटी बसतो. वाक्य चांगलं जमलं. मिनिट्समध्ये घ्यायला सांगितलं.

घरी शुभाला सांगितलं. गेल्या वर्षीच्या न्यूमोनियापासून हिची छाती नाजूक आहे, डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही लस घ्यायला बजावलंय. म्हणाली, तुमच्या शिबिरात दोघं बरोबरच घेऊ. मी एकटीने घेऊन काय उपयोग, आजार घरात आणणार तुम्हीच. विनोदी स्वभाव आहे तिचा.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

मोहिमेला सुरुवात. भाषणाने माणूस पेंगतो, कवितेने जागा होतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव. पहाटे उठून रचली:

सुई इवलीशी, मुंगीचा डंख,
फुटतील अंगी आरोग्यपंख!

एकूण नऊ कडवी. शिफ्ट बदलताना गाडीजवळ उभा राहून वाचली. दुसऱ्या कडव्याला कॉल आला आणि सगळे धावत सुटले. उत्साह दिसला.

शंका कोणाला नाहीत? धोंडिराम सर्वात जुना ड्रायव्हर. म्हणाला, सर, एवढी वर्षं गाडीवर आहे, मला काय होत नाय, जंतूच घाबरतात. मिथुन दुसरा ड्रायव्हर, नुकताच बाप झालाय. तो म्हणाला, सुई घेतली की ताप येतो, ड्युटी कोण करणार, तुमची कविता? मालन गाडीवरची नर्स. तिने फक्त विचारलं, सर, तुम्ही घेतली का? मी तिला लसीचा इतिहास सांगितला. बराच लांब आहे तो.

२७ सप्टेंबर, शनिवार.

कविता मोठ्या अक्षरांत छापून अ‍ॅम्ब्युलन्सच्या आत चिकटवली. दुपारी एका पेशंटच्या मुलाने ती वाचली आणि विचारलं, म्हणजे तुमच्या स्टाफला काही झालंय का? पेशंटला उतरवून दुसरी गाडी बोलवायला निघाला होता. धोंडिरामने पोस्टर काढून त्याची घडी घालून सीटखाली ठेवली. सीट हलायची म्हणे, आता हलत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार.

शुभा म्हणाली, शिबिराची वाट कशाला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आजच जाऊन येऊ. सकाळी मला एक शिंक आली होती. शिंका येत असताना लस घेऊ नये असं कुठेतरी वाचलंय. दसऱ्याला नक्की.

आमच्या शाळेत देवीची लस टोचायला माणूस यायचा ते आठवलं. रांगेत सगळी मुलं बाही वर करून उभी, बाहेर चिंचेची सावली, आणि बाई धीर यावा म्हणून सगळ्यांकडून कविता म्हणवून घेत. काय ते दिवस! मी त्या वेळी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधत होतो. टोचणारा माणूस निघून जाईपर्यंत सापडली नाही. लाकडी पेन्सिली तेव्हा फार लांब गडगडायच्या.

१ ऑक्टोबर, बुधवार.

लस आली. देवव्रतने फोनवर बजावलं, फ्रिजमध्ये ठेवा, गोठू देऊ नका. ऑफिसच्या फ्रिजमध्ये उद्याचे पेढे आणि झेंडूचे हार. हार काढले तर उद्या गाड्यांची पूजा कशी करणार? मग सुचलं. मंडळाची ती मोठी थंड पेटी नाही का, गावाहून नातेवाईक येईपर्यंत मयत ठेवायला आम्ही घरोघरी देतो ती! कालच परत आली होती. फिनाइलने स्वच्छ पुसून घेतली, चालू केली, काट्यावर चार डिग्री. खोके आत ठेवून झाकण लावलं. झकास. गणिताच्या शिक्षकांना हे सुचलं नसतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सविस्तर लिहिलं पाहिजे.

दोन्ही गाड्यांना हार घातले. स्ट्रेचर, ऑक्सिजनची टाकी, स्टेथोस्कोप यांना हळदकुंकू लावलं. शुभा आली होती, मुद्दाम सैल बाह्यांचं ब्लाउज घालून. धोंडिरामनेही बाही वर केली होती, हे नोंदवतो. देवव्रतने विचारलं, सर, लस कुठे आहे? मी कवितेचं शेवटचं कडवं म्हणत सगळ्यांसमोर पेटीचं झाकण उघडलं.



धोंडिरामने बाही खाली केली. मिथुन म्हणाला, सर, परवा यात चौथ्या माळ्यावरचे आजोबा होते, मीच पाय धरून ठेवले होते. माझं दोन महिन्यांचं लेकरू आहे घरी, ह्या पेटीतलं काय मी अंगात घेऊ? मालनला आधी हसू आलं. मग ती म्हणाली, ठीक आहे, सर आधी घेतील, मग बघू. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पंगतीचं वाक्य पुन्हा म्हणालो. या वेळी तितकं जमलं नाही.

देवव्रत म्हणाला, रात्रभर तापमान नीट राहिलं की नाही, कोणी पाहिलंय? हा सगळा साठा मी वापरणार नाही. खोके उचलून गेला. पेढेसुद्धा घेतले नाहीत.

 शुभा बाही सारखी करत घरी गेली.

एकंदरीत वातावरणनिर्मिती उत्तम झाली. लस घेणारे: शून्य. पण बीज पेरलं गेलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

बीज उगवलं! सकाळी ऑफिसात गेलो तर धोंडिराम आणि मिथुन दोघांच्या दंडावर छोट्या पट्ट्या. कवितेचा परिणाम उशिरा होतो, मुलांच्याही बाबतीत हेच पाहिलंय.

मालनचं म्हणणं वेगळं आहे. म्हणे, देवव्रतकडून नवीन लस आणली, चहाच्या वेळी गाडीच्या मागच्या दारात बसून मिथुनला एवढंच विचारलं की घरी गेल्यावर लेकराला उचलतोस ना, मग दिवसभराचं काय काय घेऊन उचलतोस? त्याने हात पुढे केला. मग धोंडिराम म्हणाला, हा घेतो तर मी काय म्हातारा झालो का? झालं. भाषण नाही, हार नाही. मला कळवलंही नाही. कळवलं असतं तर दोन ओळी म्हटल्या असत्या.

मालनने दोन लसी राखून ठेवल्यात, माझी आणि शुभाची. संध्याकाळी घरी येऊन देते म्हणाली. नेमका आज वाकोल्याला बालकवितांचा कार्यक्रम. शब्द दिलेला.

रात्री. कार्यक्रम अप्रतिम. शेजारचे गृहस्थ खूप खोकत होते, पण दाद मनापासून देत होते. संपल्यावर लगेच निघणं बरं दिसलं नसतं, म्हणून थोडा थांबलो, मग स्टेशनपर्यंत चालतच गेलो. घरी आलो तोवर मालन निघून गेली होती आणि दोन्ही लसी दुसऱ्या कोणाला देऊनही झाल्या होत्या. शुभाने घेतली नाही. मालनला म्हणाली, हे येऊ देत, दोघं बरोबर घेऊ. माझ्याआधी जेवतही नाही ती. भरून आलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

घसा. वाकोल्याच्या हॉलमधल्या एसीमुळे. अंग तापलंय, पण तापात कल्पना सुचतात. शुभा उशाशी बसून काढा देते, कपाळावर हात ठेवते. बाजूला बस म्हटलं. ऐकत नाही. फार आग्रह मीही केला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

मी बरा होतोय. शुभाला खोकला. कोरडाच आहे. उद्यापर्यंत बरं वाटेल.

१७ ऑक्टोबर.

बरं नाही. पहाटे तिला वाक्य पूर्ण करता येईना. मंडळाला फोन करताना आपलाच नंबर आठवेना. धोंडिराम आणि मालन आले. जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं. धोंडिराम नुसत्या पायऱ्या मोजत होता, नाहीतर जिन्यात त्याची सतत टकळी चालू असते. गाडीत मालनने शुभाला ऑक्सिजन लावला आणि मला मास्क दिला. म्हणाली, सर, तुम्ही जरा लांब बसा.

मी जिथे बसलो, ती सीट हलत नव्हती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

हॉस्पिटल. कंदील फक्त नर्सच्या टेबलावर. शुभाचा ऑक्सिजन थोडा कमी केलाय. देवव्रत म्हणाला, उतार दिसतोय, पण आत्ताच काही सांगत नाही.

मी त्याला म्हणालो, मला लस दे. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, सर, तुमचा ताप अजून पुरता गेलेला नाही. आत्ता नाही देता येणार. बरे व्हा, मग बघू. आवाज अगदी मऊ होता त्याचा. वर्गात कच्च्या मुलाशी मी तसा बोलायचो.

मंडळाचा अहवाल आला. गाडीवरचा स्टाफ: सर्वांनी घेतली. बाकी: मानद कार्यवाह.

दुपारी शुभाने डोळे उघडले. मास्कमुळे बोलता येत नाही. तिने आपल्या बाहीला हात लावला, मग माझ्या बाहीकडे बोट केलं. घेतली का, असं विचारत होती. मी कवितेची पहिली ओळ म्हणायला लागलो. तिने मान हलवून थांबवलं आणि डोळे मिटले.

तेव्हापासून बाही वर करून बसलो आहे. नर्स दोनदा येऊन गेली. म्हणाली, काका, बाही खाली करा, एसी लागेल.